खवले घासून जात नाहीत: केराटिनच्या बिघाडाबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या नडग्यांवर वर्षाचा झाल्यापासून बारीक, पांढुरके खवले आहेत. थंडीत ते वाढतात, दमट उन्हाळ्यात जवळजवळ दिसेनासे होतात. आईच्या दंडांवर कायम काटा आल्यासारखी खरखर असते. आणि सासऱ्यांच्या तळपायांची कातडी गेल्या वर्षभरात जाड, पिवळट होऊन फाटू लागली आहे. मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘केराटिनायझेशनचा दोष’, म्हणजे कातडीच्या पेशी केराटिन या प्रथिनाने भरून टणक होण्यातला बिघाड, एवढंच सांगितलं. तिघांचं दुखणं एकच आहे का, मुलाचे खवले रोज घासून काढावेत का, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्यात का आणि हे कधी जाणार, असं आईने विचारलं आहे.

आधी उत्तरं देतो. तुमचं आणि मुलाचं दुखणं बहुधा एकाच मुळातून आलेलं आहे. सासऱ्यांचं वेगळं दिसतं, आणि तिघांत आधी कुणाला दाखवायचं असेल तर त्यांना. घासणं आजपासून बंद करा. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्या मनाने मुळीच देऊ नका. ‘कधी जाणार’ याला एका ओळीत उत्तर नाही. त्यासाठी कातडी कशी तयार होते ते थोडं समजून घ्यावं लागेल.

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा पापुद्रा मेलेल्या पेशींचा असतो आणि तो तसा असतो म्हणूनच आपण कोरड्या हवेत जगू शकतो. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींची एक ओळ सतत विभागत असते. त्यातली पेशी तळ सोडून वर निघाली की तिचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. तळाशी तिच्यात केराटिन ५ आणि १४ या जोडीचे धागे असतात. वर निघाल्यावर ती १ आणि १० ही जोडी बनवू लागते. माणसात केराटिनची ५४ जनुकं आहेत, आणि शरीराच्या कोणत्या भागात कोणती चालू राहायची हे बऱ्यापैकी पक्कं असतं. केराटिन ९ जवळजवळ फक्त तळहात-तळपायांत सापडतं. त्या एका जनुकात दोष असला तर बाकी अंग नितळ आणि तळवे तेवढे जाडजूड होतात.

वर चढता चढता पेशी चपटी होते. कणीदार थरात पोचल्यावर फिलॅग्रिन नावाचं प्रथिन केराटिनच्या धाग्यांना आवळून एकत्र बांधतं. त्याच सुमारास पेशी आपल्या आतल्या स्निग्ध द्रव्याच्या पिशव्या बाहेर रिकाम्या करते. सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं पेशींमधल्या फटींत पसरतात आणि आतलं पाणी अडवून धरतात. ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर पेशीभोवती प्रथिनांचं टणक कवच तयार करतं, केंद्रक विरघळतं आणि पेशी मरते. पुढे फिलॅग्रिनचेही तुकडे होतात. त्यांपासून बनणारी अमिनो आम्लं आणि तत्सम पदार्थ वरच्या थरात पाणी धरून ठेवतात. अगदी शेवटी मेलेल्या पेशींना एकमेकींशी जोडणारे टाके विकरं हळूहळू कापतात आणि पेशी एकेक करून गळतात. या सगळ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हे गळणं आपल्या सगळ्यांचंच रोज चालू असतं; डोळ्यांना दिसत नाही, इतकंच. पेशी सुट्या न पडता गठ्ठ्याने सुटू लागल्या की आपण त्याला खवला किंवा कोंडा म्हणतो.

या साखळीत कुठेही गडबड झाली तरी वरून दिसणारं चित्र बहुतेक वेळा सारखंच असतं: जाड, खरखरीत, खवलेदार कातडी. रुग्ण फसतात ते इथेच, आणि कधीकधी आम्ही डॉक्टरही. सोरायसिसमध्ये पेशी इतक्या घाईने वर येतात की एवढा प्रवास जेमतेम आठवडाभरात उरकतो. केंद्रक विरघळायलाही वेळ मिळत नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या थरातही केंद्रकं तशीच दिसतात. काही मुलग्यांत स्टिरॉइड सल्फटेज हे विकर नसतं. त्यांच्या पेशी वेळेवर तयार होतात, पण कोलेस्टेरॉल सल्फेट साचून राहतं आणि टाके सुटत नाहीत. केराटिन १ किंवा १० च्या जनुकात दोष असला, तर पेशीचा आतला सांगाडाच ढासळतो. अशा बाळाच्या अंगावर जन्मतः फोड असतात आणि ते कमी होत गेले की सांध्यांवर खवल्यांचे कंगोरे चढतात. हा दोष १९९२ मध्ये उलगडला. डेरियरचा आजार म्हणून एक जनुकीय आजार आहे; त्यात तर पेशी अर्ध्या वाटेवरच केराटिनने भरतात आणि एकमेकींपासून सुटतात.

कारणं इतकी निरनिराळी, तरी कातडी सगळीकडे जाडच का होते? उपचार करताना मला या प्रश्नाचं उत्तर सर्वांत उपयोगी पडतं. बिनकेसाच्या उंदरांच्या कातडीवर चिकटपट्टी लावून वारंवार ओढली की वरचा थर पातळ होतो, आतलं पाणी उडू लागतं आणि थोड्याच काळात तळाच्या पेशींची विभागणी वाढते. त्याच जागेवर वाफ अडवणारं आवरण चढवलं, तर ही वाढ बरीच कमी होते. म्हणजे पाणी उडू लागणं हाच तळाच्या पेशींना ‘कामाला लागा’ असा निरोप असतो. छप्पर गळतंय म्हणून कुणी कौलांवर कौलं रचत जावं, तसं कातडीचं चालतं. कौलंच सदोष, त्यामुळे गळती थांबत नाही आणि रचणंही थांबत नाही. जन्मजात प्रकारांपैकी बहुतेकांत खवला हा या डागडुजीचाच भाग असतो. तो खरवडला की पाणी आणखी उडतं आणि तळाला पुन्हा तोच निरोप जातो. घासल्यावर एक-दोन दिवस कातडी गुळगुळीत लागते, हे खरं. त्यानंतर आग होते, लाली येते आणि थर पहिल्याहून जाड बसतो. मळ म्हणून घासलं जाणारं मूल त्या दोन दिवसांच्या गुळगुळीतपणाची किंमत रोज मोजत असतं.

आता मुलाकडे येऊ. वर्णन वाचून माझा कल इक्थिऑसिस व्हल्गॅरिसकडे आहे. इक्थिऑसिस म्हणजे कातडीवर माशासारखे खवले येणं. न पाहता निदान ठरवू नये हे मी शिकाऊ डॉक्टरांना रोज सांगतो, तेव्हा हा फक्त अंदाज धरा आणि घरी काही गोष्टी पडताळून पाहा. खिडकीजवळ, तिरप्या उजेडात त्याची नडगी बघा. खवले बारीक, पांढरट, मध्ये चिकटलेले आणि कडेला किंचित उचललेले दिसतील. मग कोपराची आतली घडी आणि गुडघ्याची मागची बाजू पाहा. या दोन जागा स्वच्छ असतील, तर अंदाजाला बळ मिळतं, कारण घड्यांत ओल टिकते आणि तिथे हा आजार सहसा दिसत नाही. त्यानंतर त्याचा तळहात उघडून अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा बघा. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला न शोभणारं बारीक रेघांचं दाट जाळं तिथे असेल, तर निदान जवळजवळ तिथेच होतं. आमच्यातले जुने लोक पाय बघण्याआधी हात बघतात ते यासाठीच. शेवटी तुमचा तळहात त्याच्या शेजारी धरा.

या आजाराचं मूळ फिलॅग्रिनच्या जनुकात आहे हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातील अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिलं. फिलॅग्रिन कमी पडलं की धागे नीट आवळले जात नाहीत आणि पाणी धरणारे पदार्थही अपुरे राहतात. कोरड्या थंडीत खवले वाढतात आणि हवा दमट झाली की कमी होतात ते त्यामुळेच. आजार मुळीच दुर्मीळ नाही. युरोपातल्या पाहण्यांत साधारण २५० ते ३०० जणांमागे एक असं प्रमाण मिळालं आहे. जनुकाची एक प्रत सदोष असली तर लक्षणं सौम्य असतात, कित्येकांना ‘कोरडी कातडी’ एवढंच वाटतं. दोन्ही प्रती सदोष असल्या तर खवले ठळक होतात. तुमचं चित्र सौम्य आणि मुलाचं ठळक असेल, तर दुसरी प्रत वडिलांकडून आलेली असण्याची शक्यता आहे. तेव्हा वडिलांचाही तळहात बघा. त्यांची काहीच तक्रार नसली तरी बघा.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट उजेडात आली. फिलॅग्रिनचे हेच दोष ॲटोपिक एक्झिमाचा धोका बराच वाढवतात, आणि ज्यांना असा एक्झिमा आहे त्यांच्यात दम्याचाही. म्हणून मुलाच्या कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत लाल, खाजरे चट्टे उठतात का, वारंवार शिंका किंवा धाप लागते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोष असलेल्या प्रत्येकाला एक्झिमा होतोच असं नाही. पण झाला तर त्याला वेगळे उपचार लागतात. खवल्यांचं मलम पुरत नाही.

यातून वगळायचा महत्त्वाचा आजार म्हणजे स्टिरॉइड सल्फटेज नसल्यामुळे होणारा, एक्स गुणसूत्रावरून येणारा इक्थिऑसिस. हा जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो आणि काही हजार मुलग्यांत एकाला असतो. त्यात खवले मोठे, तपकिरी आणि घट्ट बसलेले असतात. मानेच्या बाजूंवर ते इतके मळकट दिसतात की आईला ‘मुलाची मान नीट धुवत जा’ असं ऐकावं लागतं. तळहात मात्र साधे असतात. या मुलांच्या जन्माच्या वेळी कळा उशिरा सुरू झाल्याचं किंवा प्रसूती पुढे न सरकल्याचं बरेचदा कळतं, कारण वारेतही तेच विकर नसतं. तुमच्या बाळंतपणात असं काही झालं होतं का, ते आठवून ठेवा. काही मुलांत वृषण खाली उतरलेलं नसतं, म्हणून ती तपासणी चुकवायची नाही. डोळ्याच्या पारपटलावर बारीक ठिपके असू शकतात. त्यांनी नजर बिघडत नाही.

तुमच्या दंडांवरची खरखर म्हणजे केराटोसिस पिलॅरिस. केसांच्या मुळांच्या तोंडाशी केराटिनची बारीक बुचं बसतात. फोडून पाहिलं तर आत कधीकधी गुंडाळून बसलेला केस सापडतो. फोडू नका, डाग राहतात. वयाबरोबर बहुतेकांची खरखर कमी होते. उपचार केवळ दिसण्यासाठी आहेत आणि लावणं थांबवलं की बुचं परत येतात.

उपचारांचा गाभा अगदी साधा आहे आणि बहुतेक घरांत तो नेमका तिथेच फसतो. आंघोळीला कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आत-बाहेर. फेसाळ साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर, तेही काखा, जांघा आणि पावलांपुरतं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांत, मलम लावून मोकळं व्हायचं. मुरलेलं पाणी वर झाकण पडायच्या आत उडून गेलं, तर कातडी आंघोळीआधीपेक्षा जास्त कोरडी होते. मलम केसांच्या दिशेने, वरून खाली लावा. उलट चोळलं की केसांची मुळं बुजून पुळ्या येतात.

मलम किती लावायचं हे कुणी सांगत नाही. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. दिवसातून दोनदा म्हटलं की आठवड्याला पाव किलो होतं. ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली, असं पालक कौतुकाने सांगतात तेव्हा औषध निरुपयोगी ठरलं की लावलंच गेलं नाही, हे मला वेगळं विचारावं लागत नाही. म्हणून मी महागड्या छोट्या ट्यूबपेक्षा मोठ्या डब्यातलं साधं, बिनवासाचं मलम सुचवतो. साधी पेट्रोलियम जेली पाणी अडवण्यात अजूनही अव्वल आहे. चिकट वाटते म्हणून मुलं कुरकुरतात. मग रात्री जेली आणि सकाळी हलकं क्रीम अशी तडजोड करावी. डब्यात बोटं घालण्याऐवजी स्वच्छ चमच्याने काढून घ्या.

एका धोक्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. मलम मुरलेले कपडे, चादरी आणि पट्ट्या ज्योतीजवळ झटकन पेट घेतात. पॅराफिन नसलेल्या मलमांनाही हे लागू आहे आणि धुतल्याने ते पूर्ण निघत नाही. मलम लावलेल्या मुलाला उघड्या ज्योतीपासून लांबच ठेवा.

झाकण झालं की मग खवला सैल करणारी औषधं. युरिया १० टक्क्यांपर्यंत मुख्यतः पाणी खेचतो. २० टक्क्यांपुढे केराटिन सैल करू लागतो. ४० टक्के युरिया टाचा आणि जाड नखांसाठीच. नऊ वर्षांच्या मुलाच्या पायांना १० टक्के पुरे. चिरलेल्या किंवा लाल जागेवर युरिया झोंबतो, आणि एकदा झोंबला की मूल महिनाभर डबा जवळ येऊ देत नाही. म्हणून आधी आठवडाभर नुसतं साधं मलम लावून चिरा भरू द्याव्यात. लॅक्टिक आम्लाची ५ ते १२ टक्क्यांची लोशनं तुमच्या दंडांसाठी चांगली. सॅलिसिलिक आम्लाच्या बाबतीत मात्र कडक राहा. ते कातडीतून रक्तात जातं आणि लहान मुलाच्या मोठ्या भागावर फासलं तर विषबाधा होऊ शकते. दोन वर्षांखालच्या मुलांना ते नकोच. मोठ्यांनीही ते टाचांसारख्या मर्यादित जागेपुरतं ठेवावं. स्टिरॉइडच्या मलमांना खवल्यांच्या उपचारात जागा नाही. एक्झिमा झाला तर त्या चट्ट्यापुरती, ठरावीक दिवसांची. कातडी कोरडी आहे म्हणून सर्वांगाला फासायची नाहीत. कुणीतरी दिलेलं मलम लावून ‘पटकन मऊ पडलं’ असं वाटत असेल, तर त्यावरची घटकांची यादी वाचा.

जीवनसत्त्व अ बद्दल. ही समजूत अगदीच निराधार नाही. अ जीवनसत्त्वाच्या आणि आवश्यक मेदाम्लांच्या कमतरतेत कोपर, गुडघे आणि मांड्यांवर केसांच्या मुळाशी टोकदार, खरखरीत गाठी येतात, आणि आहार सुधारला की त्या जातात. पण तुमच्या मुलाचा दोष जनुकात आहे, आहारात नाही. जास्तीचं अ जीवनसत्त्व यकृतात साठतं, कवटीतला दाब वाढवून डोकेदुखी आणि उलट्या घडवतं आणि गर्भाला अपाय करतं. यकृताला झेपेल एवढ्या मात्रेत त्याचा खवल्यांवर काही परिणाम होत नाही.

खवल्यांवर खरंच काम करणाऱ्या गोळ्या रेटिनॉइड गटातल्या आहेत. अ जीवनसत्त्वाशी नातं असलेली, प्रयोगशाळेत घडवलेली ही औषधं. ॲसिट्रेटिन हे त्यांतलं मुख्य. जन्मजात इक्थिऑसिसच्या गंभीर प्रकारांत, जाड तळव्यांत, डेरियरच्या आजारात आणि हट्टी सोरायसिसमध्ये त्याने माणसाचं रोजचं जगणं बदलतं, हे मी पाहिलेलं आहे. किंमतही मोठी आहे. ओठ फाटतात, केस गळतात, रक्तातली चरबी वाढते, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर हाडांवर जादा वाढ होऊ शकते. गर्भाला होणारी इजा भयंकर असते आणि औषध बंद केल्यावरही देशोदेशीच्या नियमांनुसार दोन ते तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. त्या काळात मद्य घेतलं तर ॲसिट्रेटिनचं एट्रेटिनेटमध्ये रूपांतर होतं, आणि ते शरीरात फार काळ रेंगाळतं. सौम्य व्हल्गॅरिससाठी हे सगळं अंगावर घेण्यात अर्थ नाही. तुमच्या मुलासाठी मी ते विचारातही घेणार नाही.

गंभीर प्रकारांबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमच्या घरात तो प्रश्न दिसत नाही. काही बाळं चकचकीत, ताणलेल्या पापुद्र्यात गुंडाळलेली जन्मतात. पापुद्रा सोलायचा नसतो. बाळाला दमट काचपेटीत ठेवून तो आपोआप गळू द्यायचा असतो, आणि त्यांतली काही बाळं पुढे जवळजवळ सर्वसाधारण कातडीची निघतात. ट्रान्सग्लुटामिनेजच्या दोषाने होणारा लॅमेलर इक्थिऑसिस बरेचदा असाच सुरू होतो. सर्वांत तीव्र असलेल्या हार्लेक्विन प्रकारात स्निग्ध द्रव्य पेशीच्या पिशव्यांत भरणाऱ्या एबीसीए१२ या जनुकात दोष असतो; तो २००५ मध्ये सापडला. नेदरटन सिंड्रोममध्ये टाके कापणारी विकरं मोकाट सुटतात आणि कातडी इतकी सच्छिद्र होते की टॅक्रोलिमससारखं एरवी निर्धोक मलमही रक्तात धोकादायक पातळी गाठतं. केस ठिसूळ, गाठाळ आणि अंग लाल असलेल्या बाळाला ‘एक्झिमा’ म्हणून मलम लिहून देण्याआधी हा विचार व्हायलाच हवा.

मध्यम स्वरूपाच्या आजारातही दोन गोष्टी घरच्यांच्या नजरेतून सुटतात. खवल्यांनी घामाची छिद्रं बुजली की अंग तापतं, म्हणून खेळताना मूल लालबुंद होऊन थकत असेल तर त्याला ओला रुमाल आणि सावली द्या, आळशी म्हणू नका. आणि खवले कानाच्या नळीत साचून ऐकू कमी येतं. मूल वर्गात लक्ष देत नाही अशी तक्रार आली, तर आधी कान तपासून घ्या. यातला कोणताही जन्मजात प्रकार संसर्गजन्य नाही, हे शिक्षकांना लेखी देण्यापुरतं डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा.

जनुकांच्या शोधाचा रुग्णाला काय उपयोग, असं मला वारंवार विचारलं जातं. पोरोकेराटोसिस हे माझं आवडतं उदाहरण. अंगावर कडेला बारीक उंच धार असलेले गोल चट्टे येतात. मिबेल्ली यांनी १८९३ मध्ये त्याचं वर्णन केलं. शंभराहून अधिक वर्षं आम्ही ते गोठवत आणि जाळत आलो. मग कळलं की पेशीत कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या मेव्हॅलोनेट मार्गातली जनुकं त्यात बिघडलेली असतात. एकीकडे कोलेस्टेरॉल कमी पडतं, दुसरीकडे मधले पदार्थ साचतात. तेव्हा काही जणांनी २ टक्के लोव्हास्टॅटिन आणि २ टक्के कोलेस्टेरॉल मिसळून क्रीम केलं आणि ते लावून चट्टे सपाट होताना दिसले. स्टॅटिन म्हणजे हृदयरोग्यांना देतात तेच औषध. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण जाळण्यापेक्षा ही वाट केव्हाही बरी. डेरियरच्या बाबतीत अजून तिथवर पोचलेलो नाही. पेशीतला कॅल्शियमचा पंप बिघडलेला असतो हे १९९९ पासून माहीत आहे, उपचार मात्र अजून उष्णता, घाम आणि ऊन टाळण्यापासूनच सुरू होतात. मानसिक आजारासाठी दिलेल्या लिथियमने हा आजार भडकतो. छातीवर आणि केसांच्या कडेला तेलकट, तपकिरी, वास येणाऱ्या पुळ्या असून नखांवर लाल-पांढऱ्या उभ्या रेघा आणि टोकाला खाच असेल, तर नखांवरूनच निदान होतं.

आता सासरे. जन्मजात आजार माणसाबरोबर वाढतो. उतारवयात अचानक दारात येत नाही. म्हणून तळवे, किंवा सबंध अंग, प्रौढ वयात नव्याने जाड होऊ लागलं की ‘वय झालं, टाचा फुटणारच’ म्हणून सोडून द्यायचं नाही. पहिली शंका बुरशीची. जाडी दोन्ही तळव्यांवर आणि एकाच हातावर असेल, किंवा घड्यांच्या रेघांत पिठूळ कोंडा असेल, तर ती जवळजवळ ठरलेलीच. कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की काही मिनिटांत उत्तर मिळतं. ही तपासणी न करता लिहून दिलेल्या स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते आणि बुरशी निवांत पसरते. असे तळवे मी इतके पाहिलेत की आता कुठलाही जाड तळवा खरवडल्याशिवाय पुढे जात नाही.

बुरशी नसेल तर सोरायसिस, जुना एक्झिमा, थायरॉइडची मंदगती आणि पपड्या धरणारी खरूज, ही नावं समोर येतात. शेवटची फार खाजत नाही, म्हणून चकवते, आणि घरभर पसरते. तळवे नारिंगी दिसू लागले आणि अंगावरच्या लालीत मध्ये मध्ये सुटी, निरोगी बेटं राहिली, तर पिटिरियासिस रुब्रा पिलॅरिस. तळव्यांवर कडक बारीक दाणे असतील तर पाण्यातून वर्षानुवर्षं शरीरात गेलेलं आर्सेनिक डोक्यात आणावं लागतं. नुसत्या तळव्यांवर नव्हे, तर सगळ्या अंगावरच नव्याने माशासारखे खवले उठले, तर लिम्फोमा (लसीकापेशींचा कर्करोग), एचआयव्ही, सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी करणारा आजार) आणि काही औषधं तपासावी लागतात. कुटुंबात जाड तळवे आणि अन्ननलिकेचा कर्करोग दोन्ही असतील, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा. असा आनुवंशिक प्रकार आहे, आणि त्याचं जनुक २०१२ मध्ये सापडलं.

कुरूप आणि चामखीळ यांतही गोंधळ होतो. कातडीच्या रेघा कुरुपावरून सरळ जातात, चामखिळीपाशी तुटून वळसा घेतात. वरचा थर तासला तर चामखिळीत रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. हे तासणं डॉक्टरांनी करायचं. सासऱ्यांना मधुमेह असेल, तर घरी ब्लेड, वस्तरा किंवा कुरुपाची औषधी पट्टी पायाच्या आसपासही येऊ देऊ नका. संवेदना गेलेल्या पायावर अशा एका कापातून बोट गमावण्यापर्यंत गोष्ट जाते.

मग मुलाचं कधी जाणार? जनुक बदलणार नाही, त्यामुळे प्रवृत्ती राहील. खवले बहुतेकांत मोठेपणी कमी होतात आणि नीट मलम लावणाऱ्यांत उन्हाळ्यात कोणाच्या लक्षातही येत नाहीत. थंडी सुरू व्हायच्या आधीच दोनदा लावणं सुरू करा. चिरा पडल्यावर सुरू केलं तर महिना वाया जातो. जनुकचाचणीची घाई नको, तळहात बघून काम भागतं. खवले मोठे व तपकिरी निघाले किंवा पुढच्या बाळाचा विचार असेल, तर ती चर्चा आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांशी करावी.

तिघांना एकाच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. मुलाच्या नडग्यांना आदल्या दिवसापासून मलम लावू नका, नाहीतर बघायला काही उरत नाही. थंडीतले फोटो मोबाइलमध्ये असतील तर दाखवा. सासऱ्यांनी आजवर पायाला लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. त्यांत बुरशीचं मलम असेल, तर ते किमान दोन आठवडे थांबवल्यावरच खरवड तपासायला द्या, नाहीतर बुरशी असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.